कित्ते बार का होना?

हैदराबादेत बरकतपुऱ्याहून राणीगंजला जायचं तर नारायणगुडा, हिमायतनगर, लिबर्टी करत टँकबंडावर यायचं; तलाव संपला की बाजार लागतो. पंप, बेअरिंग, पट्टे, नळ्या, व्हॉल्व्ह, कारखान्याला लागणारं जवळपास सगळं तिथे मिळतं. मेंटेनन्समध्ये नोकरीला होतो तेव्हापासून मी तिथलं गिऱ्हाईक. अलीकडे बरोबर भाची असते. ती आणि तिचे वर्गमित्र १५ किलो गटातला लढाऊ रोबो बांधताहेत. समोरच्याच्या पोटाखाली पाचर सारायची आणि हवेच्या जोरावर त्याला उलथून टाकायचं, असा त्यांचा डाव आहे.

काउंटरवर पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कित्ते बार का होना?" बार म्हणजे दाबाचं माप; न्यूमॅटिक्सचा, म्हणजे दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या सामानाचा, सगळा बाजार या प्रश्नावर उभा आहे. कारखान्याची हवेची लाइन साधारण ६ बारची असते, म्हणून दुकानातला बहुतेक माल १० बारपर्यंतचा. रोबोच्या सिलिंडरलाही तेवढं पुरतं. ४० मिलिमीटर बोअरच्या सिलिंडरमध्ये १० बारची हवा सोडली की पिस्टन सव्वाशे किलोच्या जोराने बाहेर येतो. सिलिंडर, पीयू नळी, पुश फिटिंग एका फेरीत मिळून गेलं. खरा प्रश्न हवा साठवायची कशात, हा होता.

मुलांच्या डोक्यात कार्बन डायऑक्साइड पक्का बसला होता. ब्रिटनच्या 'रोबॉट वॉर्स'मध्ये दोनदा अजिंक्य ठरलेला 'केऑस २' याच वायूवर चालायचा. वायू स्वस्त, द्रवरूपात भरला जातो, छोट्या बाटलीत भरपूर मावतो. २० अंशांना बाटलीतला दाब ५७ बारच्या आसपास असतो आणि द्रव शिल्लक आहे तोवर फारसा हलत नाही. पण हा हिशेब थंड देशातला. कार्बन डायऑक्साइडचा क्रांतिक बिंदू ३१ अंशांवर, ७४ बारच्या जवळ येतो. त्याच्या वर बाटलीत द्रव उरतच नाही, आणि मग किती वायू कोंबलाय त्यावर दाब चढत जातो. भरणारा माणूस वजनकाट्यावर बाटली ठेवून, तिच्यात मावणाऱ्या पाण्याच्या वजनाच्या दोन तृतीयांशाइतकाच वायू भरतो, तो याचसाठी. एवढं सांभाळूनही बाटली ४५ अंशांपर्यंत तापली तर दाब शंभर बारच्या वर जातो.

"मामा, बाटली सावलीत ठेवली तर?"

"मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच चाळीस असतं गं."

शिवाय उलटी अडचणही आहे. वायू झपाट्याने सुटला की रेग्युलेटर गारठतो, त्यावर हिम धरतं. साध्या नायट्राइलच्या ओ-रिंग हा वायू शोषून फुगतात. त्यांच्या जागी पॉलियुरेथेनच्या शोधाव्या लागतात. हैदराबादेत बांधायचा रोबो साध्या दाबलेल्या हवेवरच चालावा, असं माझं ठाम मत झालं.

मग छोट्या बाटलीत पुरेशी हवा मावायला ती खूप जास्त दाबाने भरावी लागते, आणि तशी हवा शहरात आधीपासून वापरात आहे. दहा मीटर एअर रायफलच्या नळीखाली २०० बारची हवा भरलेलं नळकांडं असतं. आपल्या हैदराबादच्या गगन नारंगने २०१२ साली लंडनला कांस्यपदक मिळवलं ते याच प्रकारात. अग्निशमनाचं सामान विकणाऱ्यांकडे श्वसनयंत्रांच्या बाटल्या भरायचा कॉम्प्रेसर असतो. म्हणजे भरायची सोय होती, बाटली हवी होती. पेंटबॉलची २१३ मिलिलीटरची, २०० बारची ॲल्युमिनियमची बाटली आम्ही निवडली. समोरच्याला एकदा उडवायला सव्वा-दीड लिटर मोकळी हवा खर्च होते असं धरलं, तर कागदावर एकोणतीस उडव्या निघतात. नळ्यांतली पोकळी आणि हवेचं गारठणं वजा जाता वीसेक. तीन मिनिटांच्या सामन्याला त्या भरपूर झाल्या.

बाटलीवर कोरलेलं वाचायला मी मुलांना बसवलं: किती दाबासाठी, कुठल्या मानकाने, जलदाब चाचणी कधीची. आपल्याकडे हे खातं नागपूरच्या पेसोकडे (पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेकडे) आहे, आणि २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांतली सिलिंडरची व्याख्या ५०० मिलिलीटरच्या वरच्या भांड्यापासून सुरू होते. आमची बाटली त्याखाली येते. यातून मुलांनी सुटका शोधली, मी जबाबदारी. सरकारी शिक्का लागत नसेल तर ते कोरलेले आकडे हाच एकमेव पुरावा. आणि स्पर्धेत तपासणीच्या टेबलावर कागद मागतातच. भंगारातली बिनआकड्याची नळकांडी कितीही स्वस्त पडोत, मी त्यांना हात लावू दिला नाही.

मग रेग्युलेटर. पेंटबॉल बाटलीच्या तोंडावरचा रेग्युलेटर २०० चे साधारण ५५ बार करतो. पुढे ५५ चे १० करणारा दुसरा लागतो, आणि बाजार अडतो तो इथे. दुकानदाराने देखणा फिल्टर-रेग्युलेटर पुढे केला. भाचीने तो उलटा धरून बारीक अक्षरं वाचली: इनलेट कमाल १६ बार. न बोलता परत ठेवला. वेल्डिंगवाल्यांचा रेग्युलेटर २०० बार बिनतक्रार घेतो, पण ते पितळ सव्वा-दीड किलोचं. १५ किलोच्या रोबोत त्याला जागा नाही. शेवटी पेंटबॉलच्याच जातीचा, बाटलीसारखाच बाहेरून मागवावा लागला.

त्याचे आटे एनपीटी, म्हणजे अमेरिकी मापाचे; राणीगंजचा माल बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाचा. पाव इंचीत एकाला इंचात १८ आटे, दुसऱ्याला १९. हाताने दोन-तीन फेरे मजेत बसतात, मग अडतात. वर टेफ्लॉन गुंडाळून पान्याने आवळलं की बसल्यासारखं वाटतं, आणि दाबाखाली आटे सोलून फिटिंग गोळीसारखं सुटतं. आटे मोजायची पट्टी काउंटरवर मागून घ्यावी. जोडणारा ॲडॉप्टर लेथवर पितळात करून घेतला.

रेग्युलेटर हवा बारीक धारेनं देतो, उडवीला ती एका झटक्यात लागते. म्हणून व्हॉल्व्हच्या पाठीशी १० बारची छोटी टाकी, आणि पुढे अर्धा इंची आखूड नळी. मोठे रोबो बांधणारे ५० बार सोसणारा बुर्कर्टचा ५४०४ व्हॉल्व्ह घेतात; आम्हाला तेवढ्याची गरज नव्हती.

आता साबणाच्या पाण्याने एकेक सांधा तपासणं चाललंय. सामना संपल्यावर हवा सोडायचा बॉल व्हॉल्व्ह मुलांनी बाटलीच्या मागे बसवला होता. रोबो उलटा पडला तर तिथे हात पोचत नाही. भाचीने बाजूच्या पत्र्याला नवीन खाच आखली आहे. उद्या पत्रा कापायला जाईल.