अथेन्स नगरीतील पहिले तीन दिवस

प्राचीन नगर पाहावयास गेलेला प्रवासी प्रथम उंचावरील मंदिराकडे धाव घेतो. अथेन्समध्ये आम्ही उलट क्रम ठेवला. ज्यांनी ते मंदिर उभारले त्या लोकांची ओळख आधी व्हावी, म्हणून पहिला दिवस आम्ही अक्रोपोलिस टेकडीच्या पायथ्याशी पसरलेल्या ‘अगोरा’ या जुन्या चौकात घालविला.

अगोरा म्हणजे बाजार, कचेऱ्या आणि लोकांचे भेटीचे ठिकाण यांचा संगम होय. तेथील लांबलचक दुमजली दालन १९५३ ते १९५६ या काळात पुन्हा बांधण्यात आले. आता त्यात संग्रहालय आहे. तेथे आमची नजर खिळली ती फुटक्या खापऱ्यांवर. इ.स.पूर्व पाचव्या शतकात एखादा पुढारी डोईजड झाला असे वाटले, की नागरिक त्याचे नाव खापरीवर कोरून मत देत आणि त्यास दहा वर्षांसाठी नगराबाहेर धाडीत. स्त्रियांना व गुलामांना हा अधिकार नव्हता, हेही विसरता येत नाही. याच नागरिकांनी पेरिक्लिसच्या नेतृत्वाखाली पार्थेनॉन मंदिराचे काम हाती घेतले आणि त्याचा हिशेब दगडावर कोरून लोकांपुढे ठेवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही टेकडी चढलो. इ.स.पूर्व ४८० मध्ये इराणी सैन्याने येथील मंदिरे जाळली होती. त्याच जागी इ.स.पूर्व ४४७ मध्ये पार्थेनॉनचा आरंभ झाला. समोर ८ व बाजूस १७ स्तंभ. सारे पेंटेली पर्वतातील संगमरवराचे. वरवर सरळ भासणारी येथील रेषा वस्तुतः किंचित वक्र आहे. लांब बाजूची पायरी मध्यभागी सुमारे ११ सेंटिमीटर उंच असून स्तंभही आतल्या बाजूस जरासे कललेले आहेत.

परंतु खरे नवल दगडांच्या पोटात आहे. प्राचीन कारागिरांनी दगड लोखंडी पकडींनी जोडले आणि पकडींभोवती शिसे ओतले. शिशामुळे लोखंडापर्यंत ओल पोहोचत नसे. १८९८ नंतर जीर्णोद्धार करणाऱ्या निकोलाओस बालानोस यांनीही लोखंडच वापरले, पण शिशाचे आवरण वगळले. लोखंडाला गंज चढला. गंजलेले लोखंड फुगले आणि त्याने संगमरवर आतून फोडला. दुरुस्ती हेच दुखणे झाले! १९७५ मध्ये नेमलेल्या समितीच्या देखरेखीखाली पुढे त्या पकडी काढून न गंजणाऱ्या टायटॅनियमच्या पकडी बसविण्यात आल्या.

तिसऱ्या दिवशी आम्ही २००९ मध्ये उघडलेल्या अक्रोपोलिस संग्रहालयात गेलो. तेथे या वास्तूच्या घावांचा इतिहास उलगडतो. मंदिराचे पुढे चर्च झाले, नंतर मशीद झाली, तरी वास्तू उभी होती. १६८७ मध्ये तुर्की सैन्याने तेथे साठविलेल्या दारूवर व्हेनिसच्या तोफेचा गोळा पडला आणि तिचा मधला भाग उडाला. १८०१ पासून ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिन याच्या माणसांनी अनेक शिल्पे उतरवून नेली. १८१६ पासून ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. अथेन्सच्या संग्रहालयात मूळ शिल्पांशेजारी, नसलेल्या शिल्पांच्या जागी, प्लास्टरच्या पांढऱ्या प्रतिकृती लावल्या आहेत. जवळच्या एरेक्थिऑन मंदिराचा भार मस्तकी धरणाऱ्या सहा स्त्रीमूर्तींपैकी पाच येथे उभ्या आहेत. सहावीची जागा मोकळी ठेवली आहे. ती मोकळी जागा पुष्कळ काही सांगते.

भग्नावशेष पाहून आपण काळाला दोष देतो. पार्थेनॉनची साक्ष निराळी आहे. काळाने जेवढे मोडले त्याहून अधिक माणसाने मोडले. कधी युद्धाने, कधी हव्यासाने, तर कधी अपुऱ्या ज्ञानाने केलेल्या सेवेने. पूर्वजांच्या वास्तूवर प्रेम असणे पुरेसे नाही. त्यांनी लोखंडाभोवती शिसे का ओतले, हे समजून घेण्याइतका विनयही हवा.