ऱ्होड्स बेटावरचा मध्यस्थ

मैदानावर दोन टोळ्यांचं भांडण जुंपलं, की मध्ये पडणाऱ्या तिसऱ्याची काय गत होते हे तुम्हांला सांगायला नकोच. हे म्हणतात, "तू त्यांचा!" ते म्हणतात, "तू यांचा!" कधी कधी तर दोघांचेही रट्टे त्यालाच बसतात. आता कल्पना करा, की भांडणारी मुलं नाहीत, देश आहेत. हातात बॅट-स्टंप नाहीत, तोफा आणि रणगाडे आहेत. शिवाय आधीच्या मध्यस्थाचा नुकताच खून झालेला आहे. अशा जागी जाऊन बसलेल्या एका माणसाची ही हकिकत. त्यांचं नाव राल्फ बंच.

महाभारतातली कृष्णशिष्टाई तुम्हांला माहीत आहे. पण श्रीकृष्ण गेला होता पांडवांच्या वतीनं. कोणत्याही देशाचा राजदूत तसाच असतो, आपल्या देशाची बाजू मांडणारा. बंच यांची नोकरी मात्र निराळी होती. ते होते संयुक्त राष्ट्रसंघाचे, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या तोंडी असलेल्या 'युनो'चे, अधिकारी. युनोच्या सनदेत शंभरावं कलम आहे. युनोच्या नोकरांनी कुठल्याही सरकारकडून हुकूम घ्यायचे नाहीत, अगदी स्वतःच्या देशाच्या सरकारकडूनही नाही, असं ते सांगतं. वाचायला सोपं वाटतं, नाही का? करून बघा!

बंच यांचा जन्म अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातला. वडील न्हाव्याचा धंदा करत. राल्फ तेरा-चौदा वर्षांचा असताना आई वारली, वडिलांचाही आधार उरला नाही. त्याला आणि त्याच्या बहिणीला वाढवलं ते आजीनं, लॉस एंजेलिसमध्ये. ही आजी चणीनं लहान, पण भारी खमकी! राल्फ हायस्कुलात पहिला आला, तरी शहरातल्या हुशार मुलांच्या मंडळात त्याला घेतलं नाही. कारण एकच, तो कृष्णवर्णीय होता. निकालाच्या समारंभात मुख्याध्यापक आजीला म्हणाले, की राल्फ निग्रो आहे असं आम्हांला कधी वाटलंच नाही. बिचाऱ्यांना वाटलं, आपण कौतुकच करतोय. आजीनं त्यांना तिथल्या तिथं सुनावलं, की हा अपमान आहे. या मुलाला आपल्या वंशाचा अभिमान आहे, आणि तुम्ही तो पुसून टाकू नका.

पुढं राल्फनं कॉलेजात झाडूपोछाची कामं केली, बास्केटबॉल गाजवला आणि १९२७ साली पदवीलाही अव्वल नंबर काढला. हार्वर्डला जायचं, तर खिसा रिकामा. तेव्हा लॉस एंजेलिसमधल्या कृष्णवर्णीय लोकांनी वर्गणी काढून हजार डॉलर जमवून दिले. १९३४ साली ते तिथले डॉक्टरेट झाले. आफ्रिकेतल्या वसाहतींचा कारभार गोरी सरकारं कशी करतात, हा त्यांचा विषय. हे ज्ञान वाया गेलं नाही. १९४५ साली सॅन फ्रान्सिस्कोला युनोची सनद तयार झाली, तेव्हा पारतंत्र्यातल्या प्रदेशांविषयीच्या प्रकरणांसाठी बंच झटले. पुढच्याच वर्षी ते युनोत दाखल झाले.

आता येऊ पॅलेस्टाईनकडे. १९४८ च्या मे महिन्यात इस्रायल हा नवा देश जाहीर झाला आणि शेजारच्या अरब देशांशी त्याचं युद्ध पेटलं. युनोनं स्वीडनचे काऊंट बर्नाडोट यांना मध्यस्थ म्हणून पाठवलं. बंच त्यांचे मदतनीस. १७ सप्टेंबरला जेरूसलेममध्ये 'लेही' या ज्यूंच्या सशस्त्र गटानं बर्नाडोट यांना मोटारीतच गोळ्या घातल्या. शेजारी बसलेले फ्रेंच अधिकारी कर्नल सेरो हेही ठार झाले. त्या जागी खरं तर बंच बसायचे होते. वाटेत अडवणूक झाली म्हणून त्यांना पोहोचायला उशीर झाला, एवढंच! युनोनं लगेच बर्नाडोट यांचं काम बंच यांच्यावर सोपवलं.

जानेवारी १९४९ मध्ये भूमध्य समुद्रातल्या ऱ्होड्स बेटावर इजिप्त आणि इस्रायल यांची बोलणी सुरू झाली. दोन्ही शिष्टमंडळं एकाच हॉटेलात, पण मजले वेगळे. जिन्यात गाठ पडली तरी नमस्कार-चमत्कार नाही. बंच कागद घेऊन या मजल्यावरून त्या मजल्यावर फिरत. रात्री-अपरात्री बैठका चालायच्या. कंटाळा घालवायला हॉटेलात बिलियर्ड्सचं टेबल होतं, तेवढाच विरंगुळा.

आता त्यांची युक्ती बघा. मोठ्या प्रश्नाला त्यांनी आधी हातच घातला नाही. पहिल्यांदा ठरवलं काय, तर कोणते विषय कोणत्या क्रमानं घ्यायचे! तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं? पण त्या यादीवर दोघांनी एकत्र बसून संमती द्यायची होती. समोरासमोर बसायची आणि एकाच कागदावर सह्या करायची सवय लागावी, हा त्यातला डाव. आपल्याकडची जाणती माणसं भाऊबंदकीच्या वाटण्या करताना आधी भांडीकुंडी घेतात आणि विहिरीचा विषय शेवटाला ठेवतात, त्यातलाच हा प्रकार.

विहीर होतीच. फालुजा नावाच्या गावी इजिप्तचे सुमारे चार हजार सैनिक इस्रायली वेढ्यात अडकले होते. त्यांना सोडायचं कधी, आणि सीमेची रेषा ओढायची कुठून, यावर गाडं रुतलं. (त्या अडकलेल्यांत गमाल अब्दुल नासर नावाचा एक तरुण अधिकारी होता. तोच पुढं इजिप्तचा राष्ट्राध्यक्ष झाला.) अशाच एका कोंडीच्या वेळची गोष्ट सांगतात. बंच यांनी दोन्हीकडच्या मंडळींना आपल्या खोलीत नेलं आणि खास करवून घेतलेल्या रंगीत बशा दाखवल्या. त्यांच्यावर ऱ्होड्सच्या वाटाघाटींची आठवण लिहिलेली होती. समझोता झाला तर प्रत्येकाला एक बशी भेट, आणि नाही झाला तर याच बशा तुमच्या डोक्यात फोडीन, असं ते म्हणाले!

बशा फोडाव्या लागल्या नाहीत. २४ फेब्रुवारीला सह्या झाल्या आणि फालुजातले सैनिक घरी गेले. जुलैपर्यंत लेबनॉन, जॉर्डन आणि सीरिया यांच्याशीही इस्रायलचे शस्त्रसंधी झाले. नकाशावर त्या वेळी हिरव्या पेन्सिलीनं काढलेली रेषा 'हिरवी रेषा' म्हणून आजही बातम्यांत येते.

एक मात्र नीट समजून घ्या. शस्त्रसंधी म्हणजे तोफा थांबवणं. कायमचा तह नव्हे. या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी लोक घरादाराला मुकले, त्यांचा प्रश्न या कागदांनी सुटला नाही. त्या भूमीवर पुढंही लढाया झाल्या. मग बंच यांनी मिळवलं तरी काय, असं कुणी विचारील. तोफा थांबल्यामुळं जे सैनिक आपल्या घरी पोहोचले, त्यांच्या आयांना विचारावं, असं मला वाटतं.

१९५० चं शांततेचं नोबेल पारितोषिक बंच यांना जाहीर झालं. कोणतंही नोबेल मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. पण गंमत अशी, की त्यांनी नकाराचं पत्र लिहायला घेतलं! मी पगारी नोकर, माझं काम केलं, त्याला बक्षीस कसलं? शेवटी युनोचे सरचिटणीस लाय यांनी समजावलं, की हा मान संस्थेचाही आहे. तेव्हा कुठं ते ऑस्लोला गेले.

त्याआधी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी त्यांना वॉशिंग्टनला परराष्ट्र खात्यातलं बडं पद देऊ केलं होतं. बंच यांनी नको म्हटलं. त्या शहरात राहून त्यांनी बरंच सोसलं होतं. गोऱ्यांची शाळा घराजवळ, पण त्यांच्या मुलींना लांबच्या शाळेत जावं लागे. घरातला लाडका कुत्रा मेला, तर कुत्र्यांच्या दफनभूमीतही गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या कुत्र्यांना वेगळी जागा! पुन्हा तिथं जायची त्यांची तयारी नव्हती.

युनोत ते वाढत वाढत उपसरचिटणीस झाले. १९५६ साली सुएझच्या लढाईनंतर युनोची शांतिसेना उभी राहिली, तिची जुळवाजुळव बंच यांनीच केली. निळ्या टोप्या वेळेवर मिळेनात, म्हणून शिरस्त्राणांना निळा रंग फासला. त्या सेनेत आपले भारतीय जवानही होते.

आणि जगाची भांडणं मिटवणाऱ्या या माणसाच्या मुलाला १९५९ साली न्यूयॉर्कच्या एका नामांकित टेनिस क्लबानं वर्णावरून सभासद करून घेतलं नाही. वर्तमानपत्रांतून गहजब झाला, क्लबाच्या अध्यक्षांना जावं लागलं आणि सन्मानानं बोलावणं आलं. बंच यांनी ते नाकारलं. माझ्या नावाकडं बघून दार उघडत असेल, तर ज्याला नाव नाही त्या कृष्णवर्णीय मुलाचं काय, हा त्यांचा सवाल होता.

१९६५ साली मार्टिन ल्यूथर किंग यांनी मतदानाच्या हक्कासाठी सेल्मा ते मंटगमरी असा मोर्चा काढला. साठी ओलांडलेले, मधुमेहानं गांजलेले बंच त्यात पुढच्या रांगेत चालले. डोळे अधू होत गेले, तरी १९७१ पर्यंत त्यांनी युनोचं काम सोडलं नाही, आणि त्याच वर्षी डिसेंबरात ते गेले. न्यूयॉर्कला युनोच्या इमारतीसमोर, रस्त्याच्या पलीकडं एक चिमुकली बाग आहे. तिच्यात पोलादाचा एक उंच स्तंभ उभा आहे, आणि बागेला नाव आहे राल्फ बंच यांचं.