गोदातीराचा मार्गशीर्ष, टेम्सतीरी

मार्गशीर्ष हा साक्षात भगवंतांचा महिना. गीतेच्या दहाव्या अध्यायात आपल्या विभूती सांगताना श्रीकृष्णांनी सर्व महिन्यांतून याच महिन्याची निवड केली. खंडोबाचे षड्रात्र, चंपाषष्ठी, मोक्षदा एकादशी व गीताजयंती, दत्तजयंती, महालक्ष्मीचे गुरुवार आणि पहाटेच्या नैवेद्याचा धुंधुरमास, अशी पर्वांची मालिकाच या दिवसांत गुंफलेली असते. आपल्या जालना जिल्ह्यात तर या महिन्याला वेगळेच तेज चढते. शेतात ज्वारी डोलत असते, बाजारात कोवळी वांगी व नवी बाजरी आलेली असते आणि घरोघरी गुरुचरित्राची पोथी सोवळ्यात निघते.

परंतु अलीकडे याच दिवसांत कित्येक घरांतील वडीलधारी माणसे देव्हाऱ्यापासून हजारो मैलांवर असतात. मुलगा किंवा लेक लंडनला, सिंगापूरला नाहीतर अमेरिकेत असते. तिकडच्या शाळांना नाताळची सुमारे दोन आठवड्यांची सुटी मिळते, कचेऱ्याही त्याच सुमारास मोकळ्या होतात. नातवंडे दिवसभर घरी सापडण्याचा तोच काळ. म्हणून आजी-आजोबांना बोलावणे येते ते ऐन मार्गशीर्षात. आनंद तर होतोच, पण मनात प्रश्नही उभे राहतात. कुलाचाराचे काय? एकादशी कोणत्या दिवशी धरायची? परक्या मुलखात, परक्यांच्या सणाच्या धामधुमीत आपला देव कसा सांभाळायचा?

२०२३ च्या डिसेंबरात आम्हा उभयतांना हे प्रश्न प्रत्यक्ष सोडवावे लागले. त्यांची मिळालेली उत्तरे अनेक घरांना उपयोगी पडतील, या भावनेने हे लिहीत आहोत.

पूर्वसूरींची वाट

समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, अशी भीती आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत खरोखरच होती. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींनी चहा घेतला, एवढ्यावरून केवढे वादळ उठले आणि लोकमान्य टिळकांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले! त्याच लोकमान्यांनी पुढे १९१८ मध्ये खटल्याच्या कामासाठी विलायतेचा प्रवास केला. काळ असा बदलत गेला.

त्याही आधी, १८८३ मध्ये, डॉ. आनंदीबाई जोशी वैद्यकीच्या शिक्षणासाठी अमेरिकेस गेल्या. तेथे नात्याचे कोणी नव्हते. परंतु कार्पेंटर नावाच्या बाईंनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले व मावशीची माया दिली. ख्रिस्ती कुटुंबात राहूनही आनंदीबाईंनी आपला शाकाहार सोडला नाही आणि धर्मही सोडला नाही. १८८७ मध्ये त्यांचे अकाली निधन झाल्यावर त्यांच्या अस्थी याच कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या व त्यांनी त्या आपल्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत ठेवल्या. स्वधर्म अढळ राखूनही परधर्मीयांशी रक्ताच्या नात्याइतके नाते जुळते, याचे याहून हृद्य उदाहरण कोणते सांगावे?

देशकालाचा उच्चार

आमच्या घरी खंडोबाचे षड्रात्र असते. १८ डिसेंबरला चंपाषष्ठीचा तळीभंडार उचलून, भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून दुसऱ्या दिवशी आम्ही जालना सोडले. देव्हारा व नंदादीप धाकट्या बंधूंच्या हाती दिला. भावजयीने देवापुढे उभे राहून शब्द दिला, "भाऊजी, तुम्ही निश्चिंत जा. दिवा शांत होणार नाही." कुलाचार हा एकट्याचा नसतो, कुळाचा असतो. घरातील एक जण जरी तो चालवीत असला तरी सर्वांचा चालतो. प्रवासास निघणाऱ्याने प्रथम ही व्यवस्था करावी, मग पेटी भरावी.

लंडनला पोहोचल्यावर पहिल्याच पूजेला संकल्पाशी अडखळलो. संकल्पात आपण देश व काळ उच्चारतो. जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते, म्हणून आम्ही पिढ्यान्‌पिढ्या गोदावरीच्या उत्तर तीरी असे म्हणत आलो. आता वायव्य लंडनमधील घरात बसून तेच म्हणायचे? तेथील पुरोहितांनी सांगितले की, जेथे आसन मांडले आहे, त्या ठिकाणचेच नाव घ्यावे. विचार करता ते अगदी पटले. देवापुढे बसताना माणसाने आपण कोठे आहोत व कोणत्या क्षणी आहोत, हे खरे सांगावे, हाच तर संकल्पाचा हेतू. आपल्या शास्त्राने पूजा एका भूमीला जखडून ठेवली असती, तर देशाचा उच्चार करावयास सांगितलाच नसता. आम्ही टेम्स नदीच्या उत्तर तीराचा उच्चार केला आणि मन शांत झाले. गोदेचा उत्तर तीर सोडून दुसऱ्या एका नदीच्या उत्तर तीरी आम्ही बसलो होतो, इतकेच.

दोन नगरांच्या दोन एकादश्या

याच न्यायाने एकादशीचाही निर्णय लागला. तिथी म्हणजे सूर्य व चंद्र यांच्यातील बारा अंशांचे अंतर. ती साऱ्या पृथ्वीवर एकाच क्षणी सुरू होते व एकाच क्षणी संपते. पण व्रताचा दिवस ठरतो तो मुख्यतः स्थानिक सूर्योदयावरून. आणि सूर्योदय तर गावोगावी निराळा.

त्या वर्षी मोक्षदा एकादशी आपल्याकडे २२ डिसेंबरला सकाळी आठनंतर लागली व २३ तारखेस सकाळी सात वाजून गेल्यावर थोड्याच मिनिटांनी संपली. जालन्यात त्या दिवसांत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. त्यामुळे २३ च्या सूर्योदयाला एकादशी निसटती का होईना, होती. म्हणून पंचांगात २२ ला स्मार्त व २३ ला भागवत अशा दोन एकादश्या आल्या. लंडनचे घड्याळ हिवाळ्यात आपल्या साडेपाच तास मागे आणि सूर्योदय आठनंतर. तेथे २२ च्या सूर्योदयाला स्वच्छ एकादशी होती आणि २३ च्या सूर्योदयापूर्वीच द्वादशी लागली होती. म्हणजे तेथे एकादशी एकच, २२ तारखेची.

आमच्या घरी वारकरी परंपरेची भागवत एकादशी. बंधूंनी जालन्यात २३ ला उपवास केला, आम्ही लंडनमध्ये २२ ला केला. दोघांचेही बरोबर होते. परदेशी जाणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की, इकडची दिनदर्शिका पेटीत घालून नेणे पुरेसे नाही. त्या नगराच्या सूर्योदयावर मांडलेले पंचांग पाहावे.

धुंधुरमासाचीही अशीच गंमत. सूर्योदयापूर्वी खिचडी, बाजरीची भाकरी व लोण्याचा नैवेद्य दाखवावयाचा, तर जालन्यात पहाटे पाचला उठावे लागते. तेथे सूर्यनारायण आठ वाजून गेल्याखेरीज दर्शनच देत नाहीत. झोपाळू नातवंडेही नैवेद्याला वेळेवर हजर!

लेकीच्या घरची कहाणी

२१ तारखेस मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार होता. वेंब्ली भागातील भारतीय दुकानांत नारळ, विड्याची पाने, हळदकुंकू, इतकेच काय बाजरीचे पीठही मिळाले. बाहेरची झाडे निष्पर्ण झालेली. पाच पत्रींसाठी लेकीने कुंपणावरची सदाहरित पाने शोधून आणली. कलश मांडला व गृहिणीने कहाणी वाचली.

भद्रश्रवा राजाची ती कहाणी आपण सर्वांनी ऐकलेली आहे. लक्ष्मी रुसते, राज्य जाते, राजा सासरी सुखात असलेल्या लेकीला भेटावयास जातो. ती मोहरांनी भरलेला हंडा देते, पण घरी येताच त्यात कोळसे निघतात. पुढे राणी लेकीच्या घरी जाऊन तेथे व्रत पाहते, स्वतः करते आणि वैभव परत येते. मात्र नंतर लेक माहेरी आली, तेव्हा आईने जुना राग धरून तिची उपेक्षा केली. लेक माहेराहून फक्त मीठ घेऊन परतते आणि त्याला राज्याचे सार म्हणते.

इतकी वर्षे ही कहाणी आम्ही व्रताचे फल म्हणून ऐकली. लेकीच्या घरी बसून ऐकताना ध्यानात आले की, ही तर आई-वडील व लेक यांच्या जाण्या-येण्याची कहाणी आहे. कोणी कोणाला काय दिले याचा हिशोब मनात ठेवला की हंड्यातले सोने कोळसा होते. परदेशी असलेल्या मुलांविषयी "आम्हांस विसरली" अशी अढी बाळगणाऱ्या आणि "आई-बाबा येतच नाहीत" म्हणून रुसणाऱ्या, अशा दोन्ही बाजूंनी ती पुन्हा एकदा वाचावी.

झाड, देव्हारा आणि शेजार

नातवंडांनी दिवाणखान्यात नाताळचे झाड सजविले होते. जर्मनीतील ही चाल इंग्लंडात रुजली ती व्हिक्टोरिया राणी व तिचे पती प्रिन्स अल्बर्ट यांच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास. सारी सृष्टी उजाड झाली असता हिरवे राहणारे झाड घरात आणावयाचे, ही भावना तुळशीचे लग्न लावणाऱ्या व औदुंबराला प्रदक्षिणा घालणाऱ्या आपल्यासारख्यांना अनोळखी वाटण्याचे कारण नाही. नातीने भीतभीत विचारले, "आजी, झाड काढू का?" आजीने उत्तर दिले, "राहू दे बाळ. ते तुझ्या मैत्रिणींच्या सणाचे झाड. देव्हारा आपल्या जागी आहे ना? मग झाले." पूजा आपल्या देवाची व आदर सर्वांचा, ही रेघ एकदा स्पष्ट आखली की गोंधळ होत नाही.

नाताळ जालन्यालाही नवा नाही. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसविली, तेव्हापासून हा सण आपल्या शेजारचाच आहे.

२५ डिसेंबरला लंडनमध्ये भुयारी रेल्वे व बसगाड्या पूर्ण बंद असतात. एवढे महानगर निःशब्द होते. शेजारी एक वृद्ध इंग्रज बाई एकट्याच राहत होत्या. त्यांचा मुलगा ऑस्ट्रेलियात. लेकीने आमच्या हातचे तिळाचे लाडू घेऊन आम्हांस त्यांच्याकडे नेले. त्या बाई मुलाच्या दूरध्वनीची वाट पाहत खिडकीशी बसलेल्या होत्या. जालन्याच्या किती ओसऱ्यांवर हेच चित्र दिसते! भाषा निराळी, देव निराळा, पण आईचे वाट पाहणे तेच. लाडू हाती घेताना त्यांचे डोळे भरून आले. अतिथीने यजमानाच्या गावी जाऊन दुसऱ्याचे आतिथ्य करावे, असाही योग त्या दिवशी आला.

दोनदा दत्तजन्म

दर दोन-तीन वर्षांनी अधिक मास आला की पुढचे सण लांबतात. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, म्हणून दत्तजयंती नाताळच्या दुसऱ्याच दिवशी, २६ डिसेंबरला आली. २०२४ मध्ये ती १४ ला व २०२५ मध्ये ४ ला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती पुन्हा २३ डिसेंबरला, म्हणजे सुटीच्या तोंडावर येते.

दत्तजन्म सूर्यास्ताचा. जालन्यात सहाला पाच मिनिटे असताना सूर्य मावळला, तेव्हा लंडनमध्ये दुपारचे साडेबारा वाजत आले होते. बंधूंच्या सप्ताहाची सांगता दूरध्वनीच्या पडद्यावर पाहिली, पाळणा ऐकला, हात जोडले. नंतर गुरुचरित्राचे चौदावे व अठरावे अध्याय वाचेतो तेथेही संध्याकाळ झाली. त्या दिवसांत लंडनचा दिवस जेमतेम आठ तासांचा. चारला काही मिनिटे कमी असतानाच सूर्य गेला आणि नातवंडांनी पाळण्याची दोरी ओढली. एकाच दिवशी दोनदा जन्मोत्सव! स्मरण करताच धावून येणाऱ्या देवाला दोन घरे काय जड आहेत?

निराधार कोणीच नाही

लंडनमध्ये मराठी माणूस आता एकटा नाही. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळाची डॉलिस हिल भागात स्वतःची वास्तू आहे. तिच्यापासून जवळच नीसडन येथे १९९५ मध्ये उभे राहिलेले स्वामीनारायणाचे संगमरवरी मंदिर आहे. जाणाऱ्यांनी अशा ठिकाणांची माहिती आधीच काढून ठेवावी. धूप व निरांजन लावण्यापूर्वी छताला धुराची सूचना देणारे यंत्र कोठे आहे ते विचारावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पूजेच्या वेळी नातवंडांना जवळ बसवावे. पुढच्या पिढीत पोथी उघडली जाईल की नाही, हे त्या दोन आठवड्यांवर बरेचसे अवलंबून असते.

आपल्याच घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. बालवयात घर सोडून गेलेला नारायण तपश्चर्या व तीर्थाटन करून चोवीस वर्षांनी जांबेस परतला, तोवर राणूबाई मातेची दृष्टी वाट पाहून पाहून गेली होती, असे परंपरा सांगते. जगाचा संसार शिरावर घेतलेल्या विरक्तालाही आईच्या भेटीसाठी यावेसे वाटले. मग आपण तर संसारी माणसे. ज्यांना जाणे शक्य आहे त्यांनी देवाची व्यवस्था लावून अवश्य जावे, ज्यांची मुले येऊ शकतात त्यांनी त्यांना आग्रहाने बोलवावे. जेथे घर एकत्र बसून दिवा लावते, तेथे मार्गशीर्ष आपल्या पावलांनी येतो.