वाळकी फांदी तोडताय? आधी त्यात भोक आहे का बघा. आत सुतार पक्ष्याची पिल्ले असू शकतात

नागपूर : पावसाळा तोंडावर आला, की जरीपटक्यासारख्या दाट वस्तीत झाडांच्या वाळक्या फांद्या छाटण्याची घाई सुरू होते. वादळात फांदी घरावर, गाडीवर किंवा विजेच्या तारेवर पडू नये म्हणून छाटणी गरजेचीच. पण नेमक्या याच दिवसांत, याच फांद्यांमध्ये सुतार पक्ष्याचा संसार सुरू असू शकतो.

नागपुरात कोणते सुतार?
शहरी बागांतही सहज दिसणारा म्हणजे सोनेरी पाठीचा सुतार. दुसरा त्याहून लहान, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा मराठा सुतार. त्याच्या शास्त्रीय नावातच ‘मराठा’ आहे. मराठ्यांच्या निशाणाचे नाव मिरवणाऱ्या जरीपटक्यात या पक्ष्याची ओळख तरी असायलाच हवी.

वाळकी फांदीच का?
बुरशीमुळे अशा फांदीतील लाकूड मऊ पडते आणि चोचीने कोरणे सोपे जाते. भोक आधी आडवे आत जाते, मग खाली वळून पोकळी तयार होते. आत काड्या किंवा कापूस नसतो. पांढरी अंडी थेट लाकडावर घातली जातात.

किती दिवस थांबायचे?
सोनेरी पाठीच्या सुताराची वीण फेब्रुवारी ते जुलैदरम्यान होते. मादी साधारण ३ अंडी घालते. ती सुमारे ११ दिवसांत उबतात आणि पुढच्या सुमारे २० दिवसांत पिल्ले उडून जातात. म्हणजे प्रश्न साधारण एका महिन्याचा आहे. सोडून दिलेली भोकेही वाया जात नाहीत. स्वतः लाकूड कोरू न शकणारे पोपट, साळुंकीसारखे पक्षी अशा ढोल्या शोधतच असतात.

घरटे कसे ओळखाल?
• भोक गोल आणि कडा स्वच्छ, ताज्या रंगाच्या
• झाडाखाली लाकडाचा ताजा भुसा
• पक्षी वारंवार भोकाशी येतो किंवा आतून पिल्लांचा आवाज येतो
खात्रीसाठी अर्धा तास दूर उभे राहून पाहा. भोकात काठी किंवा हात घालू नका.

कायदा काय सांगतो?
वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार वन्य पक्ष्यांची अंडी फोडणे, अंडी किंवा घरट्याला त्रास देणे हेही ‘शिकारी’च्या व्याख्येत येते. शहरात झाड तोडण्यासाठी १९७५ च्या राज्य कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

मग करायचे काय?
फांदी धोकादायक नसेल, तर महिनाभर थांबा. धोका असेल, तर महापालिकेच्या उद्यान विभागाला घरट्याची कल्पना द्या. भोकाच्या पुढचा भाग छाटून वजन कमी करता येईल का, हे विचारा. पिल्ले खाली पडलीच, तर वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. जखमी वन्यजीवांवर उपचार करणारे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर शहरातच, सेमिनरी हिल्सला आहे.