अंधेरी गाठण्याआधी घरीच शिका : एडिटिंग आणि कलर ग्रेडिंगचं ऑनलाइन शिक्षण नेमकं कसं असतं?

अंधेरी (मुंबई उपनगर) : लग्नाचा व्हिडिओ घरी येतो. सगळे टीव्हीपुढे बसतात. सकाळच्या विधीत नवरी छान दिसते, मांडवात आल्यावर मात्र तिचा चेहरा लालभडक होतो आणि रात्रीच्या वरातीत निळा पडतो. चेहरा तोच, कॅमेराही तोच. बदललेला असतो फक्त उजेड. मांडवाच्या लाल कापडातून आलेलं ऊन चेहऱ्यावर लाल छटा टाकतं, वरातीतले एलईडी निळी छटा टाकतात.

हे सगळे शॉट एकमेकांना जुळवून चेहरा पुन्हा चेहऱ्यासारखा दिसू लागला, की त्याला कलर करेक्शन म्हणतात. त्यानंतर गोष्टीला शोभेल असा रंग चढवणं, म्हणजे कलर ग्रेडिंग. सिनेमा, मालिका, जाहिरात आणि वेब सिरीज या सगळ्यांना हे काम लागतं, आणि मुंबईत ते मोठ्या प्रमाणावर अंधेरीच्या आसपास चालतं.

म्हणूनच तालुक्याच्या गावातला कॅमेरा हाताळणारा पोरगा किंवा पोरगी ‘अंधेरीला जाऊन कोर्स करायचा’ म्हणते. घरचे सोयाबीनच्या पट्टीतले पैसे बाजूला काढतात, नाहीतर हप्ते बांधून घेतात. पण या शिक्षणाचा मोठा भाग आज घरी बसून, तोही फुकट होतो. कोणता भाग होतो आणि कोणता होत नाही, एवढं कळलं तरी घरचे बरेच पैसे वाचतील.

अंधेरीत नेमकं काय आहे?

अंधेरी पश्चिमेला वीरा देसाई रोड परिसरात यशराज फिल्म्सचा स्टुडिओ आहे. न्यू लिंक रोड, ओशिवरा, वर्सोवा या भागात इंडस्ट्रियल इस्टेटच्या गाळ्यांमध्ये एडिटिंग, डबिंग आणि कलरच्या खोल्या आहेत. बाहेरून गोदाम वाटावं अशा इमारतीत आत सिनेमाचं काम चाललेलं असतं.

कलरची खोली वेगळी ओळखू येते. तिथे उजेड मंद असतो आणि भिंती करड्या रंगाच्या असतात. भिंत पिवळी असली तर डोळा फसतो आणि पडद्यावरचा रंग चुकीचा वाटतो. समोरचा मॉनिटर ठराविक मापाला बसवलेला, म्हणजे कॅलिब्रेट केलेला असतो. बाजूला गोळे आणि चकत्या असलेलं कंट्रोल पॅनल असतं. मागे दिग्दर्शक किंवा छायालेखक बसतो आणि ‘संध्याकाळ अजून थोडी लवकरची दाखव’ म्हणतो. त्याच्या मनातलं ओळखून रंग बदलणारा माणूस म्हणजे कलरिस्ट.

सॉफ्टवेअर गावात येऊ शकतं. तो मॉनिटर, ती खोली आणि मागे बसलेल्या माणसाचं मन ओळखायची सवय मात्र तिथेच मिळते. म्हणून आधी घरी तयारी करायची आणि मग जायचं, हा क्रम फायद्याचा.

कोल्हापूरहून जर्मनीपर्यंत

रंगाच्या मागे मराठी माणूस फार आधीपासून लागलेला आहे. कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३३ साली व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली ‘सैरंध्री’ रंगीत करायचा प्रयत्न केला. रंगीत प्रिंटचं काम इथे होण्यासारखं नव्हतं, म्हणून ते जर्मनीत करून घ्यावं लागलं. रंग मनासारखे आले नाहीत आणि प्रयोग फसला. प्रभात १९३३ साली पुण्याला गेली. पुढे त्याच जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, तीच आजची एफटीआयआय.

पुढची कित्येक वर्षं रंगाचं काम लॅबमध्ये, रसायनांच्या आणि दिव्यांच्या मदतीने व्हायचं. मग कॉम्प्युटर आला. २००० साली आलेल्या ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ या अमेरिकी सिनेमाचं शूटिंग झालं तेव्हा शिवारं हिरवीगार होती, पण दिग्दर्शकांना दुष्काळी, धुळीने पिवळं पडलेलं रान हवं होतं. छायालेखक रॉजर डीकिन्स यांनी अख्खा सिनेमा कॉम्प्युटरवर घेऊन हिरव्याचं पिवळं करून घेतलं. आज फोनवर फिल्टर लावताना आपण त्याच कामाची छोटी आवृत्ती करत असतो.

लाखो डॉलरचं यंत्र फुकट कसं झालं?

‘दा विंची’ हे रंगाच्या यंत्रणेचं जुनं नाव. एकेकाळी ही यंत्रणा दोन लाख डॉलरच्याही पुढे जायची, म्हणजे फक्त मोठ्या स्टुडिओला परवडायची. २००९ साली ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅकमॅजिक डिझाइन कंपनीने ‘दा विंची’ विकत घेतली. २०१० साली त्यांनी नुसतं सॉफ्टवेअर ९९५ डॉलरला आणलं आणि २०११ साली एक आवृत्ती चक्क फुकट दिली. हेच आजचं ‘दा विंची रिझॉल्व्ह’.

कंपनीने हे दान म्हणून केलं नाही. ती कॅमेरे, पॅनल आणि इतर यंत्रं विकते. सॉफ्टवेअर वापरणारे वाढले की यंत्रांचं गिऱ्हाईकही वाढतं.

फुकट आवृत्तीत एडिटिंग, कलर, आवाज आणि इफेक्ट हे सगळं आहे. ४के अल्ट्रा एचडी, ६० फ्रेमपर्यंतचा व्हिडिओ तयार करता येतो आणि त्यावर कंपनीचा शिक्का उमटत नाही. व्हिडिओतले दाणे कमी करणारं नॉइज रिडक्शन आणि काही खास इफेक्ट विकतच्या ‘स्टुडिओ’ आवृत्तीत मिळतात. शिकणाऱ्याचं त्यावाचून अडत नाही. त्यामुळे क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर कुणी पेन ड्राइव्हमध्ये देत असेल तर घेऊ नका. जे फुकट मिळतं, त्यासाठी कॉम्प्युटरमध्ये व्हायरस का घ्यायचा?

लग्नाच्या स्टुडिओत बरेच जण ‘एडिअस’ वापरतात, तर मोठ्या कामाला ‘प्रीमिअर प्रो’ लागतं. एडिटिंगची समज आली की एका सॉफ्टवेअरवरून दुसऱ्यावर जाणं फार अवघड नसतं.

घरी काय लागेल?

इथे खरी अडचण आहे. रिझॉल्व्हला दमदार कॉम्प्युटर लागतो : १६ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड आणि एसएसडी. साध्या लॅपटॉपवर ते अडखळतं. तेव्हा पहिले काही आठवडे फोनवरच ‘व्हीएन’ किंवा ‘इनशॉट’सारख्या अ‍ॅपवर कापायला, जोडायला शिका. मन रमतंय का, ते कळेल. त्यानंतर कॉम्प्युटरचा खर्च करा. तालुक्याच्या फोटो स्टुडिओत दुपारच्या रिकाम्या वेळेत हात चालवायला मिळाला तर उत्तमच.

कॉम्प्युटर कमी ताकदीचा असेल तर सॉफ्टवेअरमधून ‘प्रॉक्सी’ बनवा. प्रॉक्सी म्हणजे मूळ व्हिडिओची हलकी प्रत. काम हलक्या प्रतीवर करायचं, शेवटचा व्हिडिओ मूळ फाइलमधून निघतो.

आणि कॉम्प्युटरचा नाइट लाइट बंद करा. तो पडदा पिवळा करतो. त्यात रंग जुळवले की सकाळी सगळंच निळं दिसतं.

शिकायचं कुठे?

तीन वाटा आहेत. पहिली, यूट्यूब. हिंदीत भरपूर आणि मराठीतही काही चांगले व्हिडिओ मिळतात. पण आज एक, उद्या भलताच, असं बघत राहिलं तर हाताला काही लागत नाही.

दुसरी, कंपनीचं स्वतःचं शिक्षण. ब्लॅकमॅजिकच्या वेबसाइटवर शिकवणीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत आणि सरावासाठी खरं फूटेजही मिळतं. धडे पूर्ण केल्यावर ऑनलाइन परीक्षा देऊन प्रमाणपत्र घेता येतं. पुस्तकं इंग्रजीत आहेत, पण बटणांची नावंही इंग्रजीतच असल्याने चित्रं बघत पुढे जाता येतं.

तिसरी, पैसे देऊन लाइव्ह क्लास. पुण्याच्या एफटीआयआयचेही अधूनमधून छोटे अभ्यासक्रम असतात आणि त्यातले काही ऑनलाइन होतात. त्याची माहिती संस्थेच्या वेबसाइटवरच बघावी.

शिकायचा क्रम

आधी एडिटिंग, मग रंग. शॉट कुठे कापायचा हे कळल्याशिवाय रंगाला अर्थ नाही.

रंगात पहिलं काम उजेडाचं. शॉट काळवंडलाय का, आकाश पांढरं फुटलंय का, हे डोळ्याने ठरवू नका. ‘वेव्हफॉर्म’ नावाचा आलेख बघा. आलेख तळाला चिकटला तर काळोखातला तपशील गेला, वर आपटला तर उजेडातला गेला.

दुसरं काम पांढऱ्याचं. सदरा पांढरा दिसतोय ना? तो निळसर असेल तर सगळा शॉटच निळा आहे. सॉफ्टवेअरमध्ये तीन मुख्य चाकं असतात : लिफ्ट गडद भागासाठी, गॅमा मधल्या भागासाठी, गेन उजळ भागासाठी.

तिसरं काम चेहऱ्याचं. ‘व्हेक्टरस्कोप’ नावाच्या गोल आलेखात लाल आणि पिवळ्याच्या मध्ये एक रेष असते. माणूस सावळा असो की गोरा, साध्या उजेडात त्याच्या कातडीचा रंग याच रेषेच्या आसपास पडतो. फरक असतो तो मुख्यतः उजळपणाचा. म्हणून चेहरा ‘गोरा करून दे’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकालाही नीट समजावता येतं. हळदीच्या शॉटमध्ये मात्र रेषेवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. हळद लावलेला चेहरा पिवळ्याकडे झुकणारच, आणि तेच बरोबर आहे. अशा वेळी शेजारी उभ्या असलेल्या, हळद न लागलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून माप घ्यावं.

चौथं काम शॉट जुळवण्याचं. आणि सगळ्यात शेवटी तो सिनेमासारखा ‘लुक’. बहुतेक शिकाऊ सुरुवातच इथून करतात, आणि तिथेच फसतात.

एक चेहरा, चार उजेड

घरातल्या एकाच माणसाचा व्हिडिओ चार ठिकाणी घ्या : सकाळी अंगणात, दुपारी झाडाखाली, घरात ट्यूबच्या उजेडात आणि रात्री पिवळ्या बल्बखाली. आता हे चारही शॉट असे जुळवा की एकापाठोपाठ लावल्यावर चेहरा बदललेला वाटू नये. हा सराव फुकट आहे आणि पुढे लग्नाच्या व्हिडिओत नेमकं हेच काम पडतं. तयार व्हिडिओ तीन वेगवेगळ्या फोनवर आणि टीव्हीवर लावून बघा.

शूटिंग करतानाच दोन गोष्टी पाळा. फोनच्या प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स लॉक करा, नाहीतर शॉट चालू असताना रंग आपोआप बदलतो. आणि ट्यूबच्या उजेडात पट्टे किंवा लुकलुक दिसत असेल तर शटर १/५० ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. त्या मापात शटर ठेवलं की बहुतेक वेळा लुकलुक थांबते.

फी भरण्याआधी हे विचारा

क्लासवाल्याला पाच प्रश्न विचारा. सरावाला खरं, न रंगवलेलं फूटेज देणार का? आमचं काम कोण तपासणार, आणि चुका तोंडी सांगणार की नुसते गुण देणार? एका बॅचमध्ये किती जण? रेकॉर्डिंग किती दिवस बघता येईल? मध्येच सोडलं तर पैसे परत मिळतील का? उत्तरं लेखी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर घेतली तरी चालतील.

‘शंभर टक्के नोकरी’ असं लिहिलेलं असेल तर सावध व्हा. अंधेरीत काम मिळतं ते केलेलं काम दाखवल्यावर. एक-दोन मिनिटांचा व्हिडिओ, त्यात आधीचा आणि नंतरचा शॉट शेजारी शेजारी, ही खरी ओळख. सुरुवातही थेट कलरिस्ट म्हणून होत नाही. कार्डमधला डेटा कॉपी करणं, आवाज जुळवणं, प्रॉक्सी बनवणं, फाइलींना नीट नावं देणं, अशी सहायकाची कामं आधी करावी लागतात. ज्याला हे घरूनच जमतं, त्याला तिथे लवकर टिकाव धरता येतो.

आणि प्रत्येकाने अंधेरीलाच जायला हवं असंही नाही. लग्नं, जत्रा, शाळेचं स्नेहसंमेलन, दुकानाच्या जाहिराती, यूट्यूब चॅनेल यांचं काम तालुक्यातही आहे, आणि फूटेज इंटरनेटवरून पाठवून मुंबई-पुण्याचं काम गावातून करणारेही आहेत. मोठ्या फाइलींना चांगलं ब्रॉडबँड मात्र लागतं.

नोकरीच्या नावाखाली कुणी ‘रजिस्ट्रेशन’ किंवा ‘डिपॉझिट’ मागत असेल तर पैसे पाठवू नका. ऑनलाइन फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. क्लासने फी घेऊन शिकवलंच नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. फीची पावती आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं तोवर डिलीट करू नका.