पालेर्मो : एका आईसाठी चार मजकूर

गेल्या आठवड्यात आपण सिराकूजाच्या कॅथीड्रलमध्ये भिंतीत चिणलेले अथीनाच्या देवळाचे खांब पाहिले. तिथे एक काळ दुसऱ्या काळाच्या पोटात गेला होता. आज त्याच सिसिली बेटाच्या दुसऱ्या टोकाला, पालेर्मोला जाऊ. बाराव्या शतकात इथे लॅटिन, ग्रीक, अरब आणि ज्यू एकाच वेळी एकाच गावात नांदत होते.

सुरुवात एका दगडापासून करावी असे मला वाटते. ला झिसा नावाच्या नॉर्मन काळातल्या राजवाड्यात आता संग्रहालय आहे, तिथे तो ठेवला आहे. राजाच्या पदरी असलेल्या ग्रिझांतो नावाच्या पाद्र्याने आपली आई अ‍ॅना हिच्या स्मरणार्थ तो घडवून घेतला. मधोमध रंगीत जडावकामातला क्रूस, आणि त्याच्याभोवती चार मजकूर. डावीकडे लॅटिन, उजवीकडे ग्रीक, खाली अरबी. वरच्या बाजूलाही भाषा अरबीच, पण अक्षरे हिब्रू. इथले ज्यू बोलत अरबी, लिहिताना मात्र आपली लिपी वापरत. अ‍ॅनाला आधी मोठ्या चर्चमध्ये पुरले होते. ११४९ मध्ये मुलाने तिला आपल्या चॅपलमध्ये आणले, ही हकिगत हा दगड सांगतो. साल मात्र प्रत्येक मजकुरात ज्याच्या त्याच्या गणनेचे. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात शके, संवत, हिजरी आणि इसवी शेजारी शेजारी बसतात, अगदी तसे. आई एकच, ख्रिस्ती. पण तिची बातमी गावातल्या प्रत्येकाला आपापल्या अक्षरांत वाचता यावी, असे त्या मुलाला वाटले. मला या शहरात याहून हृद्य वस्तू दुसरी दिसली नाही.

हे घडले कसे? ८२७ मध्ये अरब फौजा सिसिलीत उतरल्या, ८३१ मध्ये त्यांनी पालेर्मो घेतले. १०७२ मध्ये उत्तरेकडून आलेल्या नॉर्मनांनी ते जिंकले. नॉर्मन मूठभर होते. लढाई त्यांना येत होती. पण जमिनीचा हिशेब, साऱ्याच्या वह्या, पाटबंधारे हे सगळे अरबी आणि ग्रीक जाणणाऱ्यांच्या हातात होते. ११३० च्या नाताळात राज्याभिषेक झालेल्या दुसऱ्या रॉजरने ही माणसे हुसकून लावली नाहीत, त्यांनाच कामाला लावले. त्याच्या दरबारी खात्याचे नाव होते ‘दीवान’. आपल्या दिवाणाचे आणि दिवाणी कोर्टाचे मूळ तेच. इटालियनमध्ये जकातीला ‘दोगाना’ म्हणतात, तेही त्यातूनच आले. त्याच्या आरमाराचा प्रमुख, अँटिऑकचा जॉर्ज, हा ग्रीक ख्रिस्ती, पण त्याची पदवी अरबी अमिरावरून आलेली. आपण ज्यांना अमीर-उमराव म्हणतो ते, आणि आजच्या नौदलातला अ‍ॅडमिरल, असे एकाच घरातले शब्द निघतात. अल् इद्रिसी या अरब भूगोलतज्ज्ञानेही रॉजरसाठीच जगाचे वर्णन लिहिले. ते ११५४ मध्ये पुरे झाले. त्यातल्या नकाशात दक्षिण दिशा वर आहे.

रॉजरच्या राजवाड्यातल्या काप्पेला पालातिना या प्रार्थनामंदिरात शिरलात की नजर आपोआप भिंतींवरच्या सोनेरी मोझेइककडे जाते. ते ग्रीक पद्धतीचे काम. पण माझी विनंती आहे, मान वर करा आणि जमल्यास छोटी दुर्बीण न्या. मधल्या दालनाचे छत लाकडी आहे. मधमाश्यांच्या पोळ्यासारखे कोनाड्याखाली कोनाडे उतरत येतात. याला मुकर्नास म्हणतात, आणि ही कला मुसलमान देशांतली. प्रत्येक छोट्या कोनावर चित्र आहे. मांडी घालून बसलेले फेटेवाले, वाद्य वाजवणारे, हातात पेला धरलेले, आणि एका ठिकाणी पटावर वाकलेले दोन खेळाडू. खेळ बुद्धिबळाचा. आपल्याकडचे चतुरंग इराणातून, अरबांमार्फत शतरंज होऊन या छतापर्यंत पोहोचले. खाली राजा लॅटिन प्रार्थना ऐकत असे आणि वर हे दोघे डाव मांडून बसलेले असत. अजून बसले आहेत.

बाहेर पडल्यावर भूक लागते, तेव्हा बल्लारोचा बाजार गाठावा. इथे ‘पानेल्ले’ मिळतात. हरभऱ्याचे पीठ पाण्यात घोटून शिजवायचे, थापून थंड होऊ द्यायचे, काप पाडून तळायचे आणि पावात घालून वर लिंबू पिळायचे. पाटवडी तळून पावात घातली तर काय होईल, ते इथे कळते. तिखट नसते, एवढीच खंत. शेजारच्या गाड्यावरची वांगी आणि संत्री यांचीही वाट पूर्वेकडूनच आलेली. संस्कृत नारंग फारसी-अरबीतून इटालियनमध्ये ‘अरांचा’ झाले, शर्करेची ‘झुक्केरो’ झाली.

मात्र हे सगळे गोडीगुलाबीचे चित्र म्हणून डोक्यात ठेवू नये. ११८४ च्या नाताळात इथे आलेल्या इब्न जुबैर या प्रवाशाने ख्रिस्ती बायका मुसलमान बायकांसारखा पेहराव करून चर्चला निघालेल्या पाहिल्या. त्याच प्रवासवर्णनात त्याने इथल्या मुसलमानांच्या मनातली धास्तीही नोंदवली आहे. दरबाराला त्यांची गरज होती तोवर त्यांना आसरा होता. ११८९ मध्ये राजा दुसरा विल्यम वारला, दंगली उसळल्या आणि माणसे डोंगरात पळाली. पुढे १२२० च्या दशकात दुसऱ्या फ्रेडरिकने त्यांना बेटावरून उचलून इटलीच्या मुख्य भूमीवर लुचेरा गावी नेऊन वसवले. तो रॉजरच्या मुलीचा मुलगा. त्याला अरबी विद्येची गोडी होती, तरीही हे त्यानेच केले.

फ्रेडरिकची जांभळट दगडाची शवपेटी पालेर्मोच्या कॅथीड्रलमध्ये आहे, आजोबांच्या शवपेटीजवळच. ते पाहून दक्षिणेकडच्या दारातून बाहेर या. ओसरीच्या डाव्या खांबावर, साधारण डोळ्यांच्या उंचीवर, अरबी अक्षरे कोरलेली आहेत. ती कुराणातली आयत आहे. चर्चच्या आधी इथे मशीद होती. खांब तसाच ठेवला आहे, आणि रविवारी प्रार्थनेला येणारी माणसे त्याच्या बाजूनेच आत जातात.