बेरीज बरोबर, वांटणी चुकीची

पावसाळ्यांत पनवेलास वीज गेली कीं घरोघरीं इन्व्हर्टर कामास लागतात. आमच्या घरीं बारा-बारा व्होल्टांच्या दोन बॅटऱ्यांची जोडी पांच वर्षें ही चाकरी इमानानें करीत आली. यंदा मात्र पूर्वीं चार तास जळणारे दिवे तासाभरांतच मालवूं लागले. आजींचें प्राणवायूचें यंत्रही त्याच जोडीवर चालतें. तेव्हां ही गोष्ट हसण्यावारीं नेण्याजोगी नव्हती. तपासणीस आलेल्या कारागिरानें चार्जिंग चालू असतां जोडीचा दाब मोजला, तो २७.६ व्होल्ट भरला. “सर्व ठीक आहे,” असें सांगून तो गेला.

रात्रीं आम्हीं प्रत्येक बॅटरीस मीटर निराळा लावून पाहिला. एकीवर १४.६ व दुसरीवर १३.०! बेरीज बरोबर होती. वांटणी चुकली होती.

असें कां व्हावें? १८५९ सालीं प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञानें शिसें व गंधकाम्ल यांची बॅटरी बनविली; आमच्या या बॅटऱ्यांचें तत्त्व तेंच आहे. बॅटऱ्या एकीपुढें एक जोडल्या म्हणजे दोहोंतून प्रवाह सारखाच वाहतो. परंतु वार्धक्य दोघींस सारखें येत नाहीं. चार्जर बेरीज तेवढी पाहतो. मग एक अर्धपोटीं राहते व तिच्या प्लेटांवर शिशाच्या क्षाराचा कठीण थर बसतो. दुसरीस अजीर्ण होऊन तिचें पाणी वायुरूपानें उडून जातें. वीज गेली कीं अर्धपोटी आधीं थकते, आणि दुसरीजवळ शिल्लक असूनही इन्व्हर्टर बंद पडतो. एकत्र कुटुंबांत एकूण शिधा मोजून भागत नाहीं. प्रत्येक पानावर काय पडलें तें पाहावें लागतें, तसेंच हें.

आम्हीं जोडी सोडवून अशक्त बॅटरी बारा व्होल्टांच्या चार्जरवर निराळी पूर्ण भरून घेतली व मग पुन्हां जोडली. दिवे अडीच तास चालूं लागले. गेलेलें वय मात्र परत आलें नाहीं. अशा वेळीं एकच नवी आणून जुनीच्या गळ्यांत बांधण्याचा मोह होतो. तो टाळावा, जुनी नवीस आपल्या पायरीवर ओढते. बदलावयाच्या तर दोन्ही, एकाच बनावटीच्या व एकाच वेळीं.

महिन्यास एकदां प्रत्येकीचा दाब निराळा मोजावा. चार्जिंग थांबवून कांहीं तास विसांवा दिल्यावर पूर्ण भरलेलीचा दाब सुमारें १२.७ व्होल्ट भरतो. पाणी डिस्टिल्डच घालावें, आम्ल कधींही नाहीं. चार्जिंगच्या वेळीं हायड्रोजन वायु निघतो. म्हणून हवा खेळती असावी व जवळ उदबत्तीसुद्धां लावूं नये. देवघराशेजारीं बॅटरी ठेवणाऱ्यांनीं हें विशेष ध्यानीं घ्यावें.

आमच्याच तालुक्यांत, तळोजास, एक्साइडचा बॅटऱ्यांचा कारखाना आहे. पण दिव्याखालीं अंधार! पुढल्या महिन्यांत आम्ही नवी जोडी घेत आहों. तोंवर आजींच्या उशाशीं प्राणवायूचा भरलेला सिलिंडर ठेवला आहे. आणि दर पहिल्या तारखेस मीटर घेऊन बसण्याचें काम त्यांच्या कॉलेजांतील नातवानें मागून घेतलें आहे.